शहाण्णव ब्लॉकांचे अंदाजपंत

अंदाजपंतांच्या दिवसात चोवीस तास नसतात, पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात. घरून "जेवायला कधी येताय?" असं विचारलं की ते "त्रेपन्नाव्याला" म्हणतात. म्हणजे दुपारी एक. बायकोला हे आता पाठ झालंय. उशीर झाला की तीही "पंचावन्नावा संपला" असं सुनावते.

पंत पुण्यातल्या एका एसी ऑफिसात बसून धुळे जिल्ह्यात साक्रीकडच्या सोलर पार्कात उद्या कोणत्या ब्लॉकला किती मेगावॉट वीज होईल ते आजच सांगतात. स्क्रीनवर ऊन चमकतं म्हणून खिडकीचे पडदे कायम ओढलेले. विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवत राहावा लागतो, म्हणून हे आकडे कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राला आधी हवे असतात आणि चुकले की प्रकल्पाला दंड बसतो. मात्र २०१८ साली राज्य वीज नियामक आयोगाने जे नियम आणले, त्यांनी १५ टक्क्यांपर्यंतची चूक पोटात घातली. शिवाय दर दीड तासाला एकदा आपलाच शब्द फिरवायची मुभा दिली. इतकी सोय आपल्याकडे एरवी फक्त पुढाऱ्यांना असते.

त्या नियमांतली खरी गंमत भागाकारात आहे. चूक मोजताना भागायचं ते झालेल्या विजेने नव्हे, प्रकल्पाच्या क्षमतेने. ढगाळ दिवशी वीस मेगावॉट सांगून दहाच निघाले, तरी शंभर मेगावॉटच्या पार्कात चूक दहाच टक्के! हा हिशेब पंतांच्या अंगात इतका मुरलाय, की लग्नाचा वाढदिवस एका दिवसाने हुकला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "३६५ मध्ये एक. म्हणजे ०.२७ टक्के." त्या रात्री ते जेवले की नाही, याची नोंद डेटात नाही.

पंतांचा जीव त्यांच्या अंदाज बांधणाऱ्या मॉडेलवर. मागच्या काही वर्षांची वीजनिर्मिती, उपग्रहाची छायाचित्रं, हवामानखात्याचे आकडे असं सगळं त्याला खाऊ घातलंय. नव्या माणसाला ते एक्सजीबूस्ट आणि एलएसटीएम ही त्यामागच्या गणिती पद्धतींची नावं अशा आदराने ऐकवतात, की ऐकणाऱ्याने नकळत चपला काढाव्यात. याच मॉडेलने सुरुवातीला रात्री दोन वाजता थोडी वीज होईल असं सांगितलं होतं, हे मात्र ते सांगत नाहीत. "सूर्य मावळला की शून्य" ही ओळ शेवटी त्यांनी हातानेच लिहिली. मशीन आपलं आपण शिकतं म्हणतात ते खरंच. पण शेजारी एक पंत छडी घेऊन उभे असावे लागतात.

कारण आकडे दिसतात तसे नसतात. एकदा भर दुपारी निर्मिती शून्यावर आली. मॉडेलने त्यावरून ढग शिकून घेतला. प्रत्यक्षात आभाळ लख्ख होतं, लाइन ट्रिप झाली होती. दुसऱ्या वेळी ऊन मोजणाऱ्या पायरॅनोमीटरवर रोज दहाच्या सुमाराला सावली पडायला लागली. पंतांनी आठवडाभर त्यात हवामानबदल शोधला. तो कावळा निघाला.

पंतांना सर्वात जास्त चीड "आता काय, एप्रिल! वीजच वीज!" म्हणणाऱ्यांची. पॅनेलची क्षमता पंचवीस अंशांना ठरवलेली असते. धुळ्याच्या उन्हात पॅनेल साठीला पोचतं आणि दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे ऊन वाढलं तरी त्यातले चौदा टक्के तापण्यातच गेले. त्यावर धूळ. मग वळवाची एक सर येते, पॅनेल धुतली जातात आणि वीज अंदाजाच्या वर उडी मारते. फायद्याचा दिवस असूनही पंत सुतकी चेहऱ्याने बसतात.

मला विचाराल तर त्यांचं खरं दुःख वेगळं आहे. या धंद्यात प्रत्येक नव्या मॉडेलला "उद्या आजच्यासारखंच होईल" या बिनडोक अंदाजाशी कुस्ती खेळावी लागते. त्याला पर्सिस्टन्स म्हणतात. मे महिन्याच्या निरभ्र दिवसांत हा पठ्ठ्या हटत नाही. म्हणून पंतांच्या सादरीकरणात आलेख नेहमी जुलैचे असतात.

तरीही आकडे पाठवण्याआधी ते हळूच साक्रीच्या सुपरवायझरला फोन लावतात. "आभाय नही शे, भाऊ," एवढं ऐकलं की त्यांचा आकड्यांवरचा विश्वास परत येतो. परवा मात्र सुपरवायझरनेच उलटा प्रश्न केला.

"साहेब, कांदा काढून शेतात पडलाय. उद्या पाऊस येईल का?"

पंत गडबडले. "अहो, मी विजेचं सांगतो. पावसाचं हवामानखातं."

"मग एवढं मशीन कशाला?"

"तसं पाहिलं तर तीस टक्के शक्यता..."

"म्हणजे झाकू का नको?"

पंत बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आज काय केलंत?"

"उघडाच ठेवला."

"मग उद्याही तसंच करा."