तरुण श्रोता पकडण्याची सोपी रीत

अभिनंदन! रेडिओ केंद्रावर कार्यक्रमप्रमुख म्हणून तुमची नेमणूक झाली आहे आणि पहिल्याच बैठकीत वरिष्ठांनी फर्मावलं आहे की 'यूथ' आणा. कुठून आणायचा, ते त्यांनी सांगितलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या घरातला यूथ जेवायच्या वेळेपुरता खोलीबाहेर येतो, तेव्हा त्यांना तरी कुठून ठाऊक असणार? घाबरू नका. खालच्या सूचना क्रमाने पाळा. अनुभवाची गरज नाही. रेडिओ ऐकण्याची सवय नसेल तर उत्तमच.

1. तरुण म्हणजे काय, ते आधी ठरवून टाका

बैठक बोलवा. बैठकीत एकही तरुण येणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर चर्चा भलतीकडे जाते. चहा येईपर्यंत एकमताने ठरवा की आजच्या पोरांना लांब काही ऐकवत नाही, म्हणून निवेदन वीस सेकंदांत उरकायचं. खाली टपरीवर उभा असलेला डिलिव्हरीवाला दोन-दोन तासांचे पॉडकास्ट कानात घालून शहरभर फिरतो, असं कोणी म्हणालंच तर इतिवृत्तात 'अपवाद' अशी नोंद करा. चहाचे पैसे मात्र त्या टपरीवाल्याला वेळेवर द्या.

2. ऐकायचं कशावर, हा प्रश्न टाळा

हा प्रश्न जरा नाजूक आहे. तरुणांच्या खोलीत रेडिओ नाही. आजोबांचा आहे, तो माळ्यावर आहे आणि त्यातले सेल पाझरले आहेत. राहिला फोन. फोनवर एफएम लागायचं तेव्हा हेडफोनची वायर हीच अँटेना असायची. पुढे कंपन्यांनी वायरची खाच बुजवली, कानातली बोंडं बिनवायरची झाली, आणि अँटेना कधी गेली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. कित्येक फोनमध्ये एफएम घेण्याची सोय आत असूनही बंद ठेवलेली असते. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने फोन बनवणाऱ्यांना सल्ला दिला की ही सोय बंद ठेवू नका. सल्लाच तो. सल्ल्याचं आपल्याकडे काय होतं, ते तुम्ही जाणताच.

तुम्ही या भानगडीत पडू नका. दर दहा मिनिटांनी 'आमचं ॲप डाउनलोड करा' असं सांगा. हे रेडिओवरूनच सांगा, म्हणजे ज्याला आधीच रेडिओ लागतोय त्याच्यापर्यंत निरोप नक्की पोहोचेल.

3. आरजेला गाव नसावं

आरजे निवडताना त्याच्या बोलण्यावरून तो कुठला आहे हे ओळखू येत असेल तर पुढचा उमेदवार बोलवा. कोल्हापूरच्या पोराने कोल्हापुरी हेल काढला, नागपूरच्या पोरीच्या तोंडून चुकून एखादा 'बे' निसटला, की ताबडतोब प्रशिक्षणाला पाठवा. सगळ्यांनी एकाच लयीत, एकाच उसन्या उत्साहात बोलायला हवं, जणू प्रत्येकाला आत्ताच लॉटरी लागली आहे. खर्च वाचवायचा असेल तर एकाच शहरात बसून पाच शहरांचा कार्यक्रम करा. रंकाळ्यावर भेळ खात बसलेल्या मुलाला अंधेरीच्या उड्डाणपुलावर कोंडी आहे हे कळलं, तर त्याचं सामान्यज्ञान वाढेल.

वाईट उदाहरणांपासून दूर राहा. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' नावाचं सामुदायिक केंद्र आहे. तिथे माणदेशातल्या बाया-माणसं माणदेशीच बोलतात. असं चालू राहिलं तर लोकांना वाटायला लागेल की रेडिओ त्यांचाच आहे.

4. गाणी

पंधरा पुरे. तीच फिरवा. मराठी लावायचंच असेल तर लोक झोपलेले असताना लावा, म्हणजे 'मराठीला श्रोता नाही' हे सिद्ध करायला सोपं जातं. नवं काही निर्माण करण्याच्या फंदात पडू नका. पुणे आकाशवाणीने 1955 च्या रामनवमीला 'गीतरामायण' सुरू केलं आणि गदिमा-बाबूजींकडून वर्षभराहून थोडं अधिक काळ, आठवड्याला एक याप्रमाणे 56 नवी गाणी करून घेतली. आज असा प्रस्ताव ठेवलात तर वित्त विभाग तुम्हाला पाणी देऊन खुर्चीत बसवेल.

5. पूर्वजांचा आदर्श ठेवा

तरुण श्रोता हातचा घालवण्याची आपली परंपरा थोर आहे, आणि तिचा मान एका मराठी माणसाकडे जातो. 1952 साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. सिनेमाची गाणी हलकी, त्यांनी तरुण बिघडतात, असं त्यांचं मत होतं. त्यांनी त्या गाण्यांवर मर्यादा घातल्या, निर्माते चिडले, करार मोडले, आणि आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळपास हद्दपार झालं. हार्मोनियमला तर त्याआधीच बंदी होती. आता तरुण शास्त्रीय संगीत ऐकतील, अशी अपेक्षा होती.

तरुणांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच सुमारास तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गंमत अशी, की अमीन सायानी मुंबईचे, गाणी मुंबईची, ध्वनिमुद्रणही मुंबईतच व्हायचं. मग टेप कोलंबोला जायची आणि तिथल्या प्रक्षेपकावरून तीच गाणी गिरगावात, लालबागेत, सदाशिव पेठेत परत यायची. बुधवारी रात्री आठ वाजता इराण्याच्या हॉटेलात गर्दी व्हायची. स्वतःच्या घरातला माल समुद्रापार पाठवून, परदेशी पत्त्यावरून परत आणवण्याचं इतकं सुबक काम क्वचितच कोणाला जमलं असेल.

सरकारला हे कळायला पाच वर्षं लागली. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली, आणि जी गाणी संस्कृती बुडवत होती तीच सरकारी खर्चाने लागू लागली. यावरून तुम्ही घ्यायचा धडा सोपा आहे: तरुण निघून गेले की घाई करायची नाही. सिलोनच्या जागी आता फोन आहे, इतकाच फरक. पाच वर्षं तर हक्काची आहेत.

6. उपयोगाचं काही सांगू नका

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या काही न बदलता लावण्याची मुभा आहे. हे कारण पाठ करून ठेवा, जिथे तिथे कामाला येतं: 'आम्ही खूप काही केलं असतं हो, पण बातम्यांना बंदी!' लोक हळहळतात.

फक्त एक काळजी घ्या. ही बंदी घालणाऱ्या सरकारी धोरणातच लिहिलेलं आहे की वाहतूक, हवामान, परीक्षा, प्रवेश, करिअरचं मार्गदर्शन, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्तीचे इशारे यांना 'बातमी' मानलं जात नाही. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाला ज्या गोष्टींची खरोखर धास्ती असते, त्यातल्या बहुतेक गोष्टी तुम्ही खुशाल सांगू शकता. हे पान फायलीत शेवटी लावा. अकरावीच्या प्रवेशाची यादी लागली असेल त्या दिवशी 'तुमच्या क्रशला तुम्ही काय म्हणून हाक मारता?' ही स्पर्धा घ्या. विजेत्याला सिनेमाचं तिकीट द्या. प्रवेश कुठे मिळाला ते विचारू नका.

26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली, वीज गेली, मोबाईलची जाळी कोलमडली, आणि कुठे पाणी साचलंय, कोणती गाडी बंद आहे, हे लोकांना रेडिओने सांगितलं. असे प्रसंग वारंवार येत नाहीत. तेव्हा त्यावर धोरण आखणं योग्य नाही.

7. माणूसच काढून टाका

इतकं करूनही यश आलं नाही तर ही शेवटची मात्रा. पोलंडमधल्या ऑफ रेडिओ क्राकोव्ह या केंद्राने ऑक्टोबर 2024 मध्ये ती करून पाहिली. तरुण श्रोते हवेत म्हणून त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले तीन तरुण निवेदक आणले. जुनी माणसं आधीच घरी गेली होती. नव्या निवेदिकेने पहिल्या दिवसांतच विस्वावा शिंबोर्स्का या नोबेलविजेत्या कवयित्रीची मुलाखत घेतली. शिंबोर्स्काबाई 2012 सालीच वारल्या होत्या, पण त्यामुळे मुलाखतीत व्यत्यय आला नाही. तीन महिन्यांचा प्रयोग लोकांच्या विरोधामुळे आठवडाभरात गुंडाळावा लागला. तुम्ही निराश होऊ नका. आपल्याकडे विरोध करायला आधी कोणीतरी ऐकत असावं लागतं.

8. यश मोजा

स्टुडिओत कॅमेरा लावा. आरजे हेडफोन घालून माइकपुढे नाचतो आहे, अशी रील टाका. रीलला लाख लोकांनी अंगठा दाखवला की 'रेडिओचा तरुण श्रोता वाढला' असा अहवाल वर पाठवा. रील बघणाऱ्यांपैकी कोणी रेडिओ लावला का, हे तपासण्याची पद्धत नाही आणि ती शोधूही नका. एके काळी चार महानगरांत निवडक श्रोत्यांकडे डायऱ्या देऊन, काय ऐकलंत ते हाताने लिहून घेत. त्यात लोक खरं लिहिण्याचा धोका असे.

9. सर्वांत महत्त्वाचं

एखादी मुलगी केंद्राच्या फाटकाशी येऊन म्हणेल, मला आमच्या कॉलेजबद्दल, आमच्या एसटीबद्दल, आमच्या वस्तीबद्दल बोलायचंय, तासभर माइक द्या. अशा वेळी हसतमुखाने नकार द्या. 1969 मध्ये आकाशवाणीने दिल्लीत 'युववाणी' सुरू केली तेव्हा ही दक्षता घेतली गेली नाही. तरुण मुलं स्वतःच माइकसमोर बसली, पुढे इतर केंद्रांवरही तोच प्रकार झाला, आणि तरुणांनी काय ऐकावं हे ठरवणाऱ्या वडीलधाऱ्यांची फार पंचाईत झाली. तेव्हा आजच लेखी आदेश काढा, वॉचमनची सही घ्या, आणि त्या मुलीला सांगा की आमचं ॲप डाउनलोड कर.