वैनींची दिल्ली आणि सोमवारचं कुलूप

“लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हे तुमच्या धाकट्याला आधी सांगा,” मी वईच्या अलीकडून म्हणाले. वैनी पलीकडे पेंढ्याचे भारे मोजत होत्या, त्या थांबल्या. “अगं बाई! आणि त्याने नेमका सोमवारच धरलाय!”

धरला होताच. मोबाइलवर मांडलेला कार्यक्रम त्यांनी मला दाखवला. रविवारी रात्री दिल्लीत उतरायचं. सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, पंतप्रधान संग्रहालय आणि संध्याकाळी अक्षरधाम. चारही ठिकाणी सोमवारी कुलूप. पुढे शुक्रवारी आग्रा, आणि ताजमहाल बंद असतो तो नेमका शुक्रवारीच. निजामुद्दीनहून आग्र्याला पावणेदोन तासांच्या आत नेणारी गतिमान एक्सप्रेससुद्धा शुक्रवारी धावत नाही ती त्याचसाठी. पोरांना जगातलं सगळं कळतं, वार तेवढा कळत नाही.

“मग सोमवारी काय करायचं? खोलीत बसून हरिपाठ?”

“सोमवारी इंडिया गेट ठेवा. त्याला दार आहे कुठे बंद करायला! पलीकडेच 2019 साली झालेलं राष्ट्रीय समर स्मारक आहे. पंचवीस हजारांवर जवानांची नावं कोरलीत तिथे. अर्धा दिवस सहज जातो.”

जाणार आहे तो आमच्या आळीतला बचत गट. अकरा बायका, आणि बॅगा उचलायला वैनींचा धाकटा. कशेळ्यातून दिल्ली म्हणजे गंमतच. शनिवार उजाडला की मुंबईच्या गाड्या कर्जत-मुरबाड रस्त्याने येतात. कुणाला आंबिवलीची लेणी बघायची असतात, कुणाला पेठचा किल्ला, कुणाला नुसतीच चुलीवरची कोंबडी. आपण जन्मभर त्यांना रस्ता दाखवायचा. आता आपली पाळी, असं वैनींनी गटाच्या मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, आणि वहीत ठरावसुद्धा झाला.

तारीख मात्र काही केल्या ठरेना. पावसात आवणी, दसऱ्यानंतर कापणी-झोडणी, म्हणजे तोवर हलायचं नाव नको. दिवाळीनंतर जावं, तर तेव्हा दिल्लीची हवा इतकी खराब की तिथलीच माणसं तोंडाला फडकं बांधून फिरतात. जानेवारीत धुकं, गाड्या सहा-सहा तास उशिरा. मार्चमध्ये आपले वाल काढणीला येतात. राहिला फेब्रुवारी. त्यातही रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, आणि 19 तारखेला शिवजयंती, तेव्हा गाव सोडायचं नाही. असं चाळत चाळत आठवडा उरला एक. नशीब एवढंच, की राष्ट्रपती भवनामागची बाग त्याच सुमाराला लोकांना खुली असते. आधी मुघल गार्डन म्हणायचे, 2023 पासून अमृत उद्यान म्हणतात. फुलं तीच.

“तिकिटं आत्ताच काढून टाकू की,” वैनी म्हणाल्या.

“आत्ता नाही निघत. आधी चार महिने अगोदर काढता यायची, 2024 च्या नोव्हेंबरपासून साठच दिवस. साठावा दिवस मोजा आणि सकाळी आठला पोराला उठवून बसवा.”

“आणि आमच्या सासूबाईंचं अर्धं तिकीट?”

“रेल्वेत नाही. म्हाताऱ्यांची सवलत कोरोनात बंद झाली ती झालीच. एसटीत बायकांना अर्धं, पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट. पण एसटी काही दिल्लीला जात नाही.”

“जात असती तर सासूबाई रोज जाऊन आल्या असत्या,” वैनी म्हणाल्या, आणि दार लोटलेलं आहे ना ते वळून बघितलं.

गाडीचं म्हणाल तर माझं मत पंजाब मेलला. 1912 पासून धावतेय बिचारी. नेरळहून लोकलने कल्याण, तिथे रात्री मेल धरायची, दुसऱ्या रात्री नवी दिल्ली. राजधानी सकाळीच पोचवते, कल्याणला थांबतेही, पण पैसे मोजून घेते. वैनींच्या सुनेने विमानाचं काढलं. उलव्याला विमानतळ झालंय, पनवेलच्या पुढे तर आहे. त्यावर सासूबाईंनी आतून विचारलं, विमानात सुकट नेऊ देतात का. तिथेच विमान बारगळलं.

एवढ्यात निवृत्त गुरुजी दूध घेऊन चालले होते, ते फाटकाशी थांबले. दिल्ली म्हटल्यावर गुरुजी पुढे जातात होय!

वैनींनी उत्साहाने सांगितलं, “गुरुजी, महाराज ज्या किल्ल्यातून पेटाऱ्यात बसून निसटले, तो लाल किल्ला बघणार आम्ही!”

गुरुजींनी किटली खाली ठेवली. “तो आग्रा, वैनी. दिल्लीचा नव्हे. 1666 च्या मे महिन्यात बादशहाचा वाढदिवसाचा दरबार भरला तो आग्र्याच्या किल्ल्यात. तोही लाल दगडाचाच, म्हणून निम्मं गाव घोटाळा करतं. आणि पेटाऱ्यांची हकिकत घडली ती किल्ल्याच्या बाहेर, महाराजांना ठेवलं होतं त्या मुक्कामावर. ऑगस्टमध्ये निसटले. आज आग्र्याच्या किल्ल्यासमोर महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, तिथे हात जोडा.”

“मग दिल्लीत आपलं काहीच नाही?”

हा प्रश्न गुरुजींना विचारायचा म्हणजे संध्याकाळचा चहा चुलीवर तसाच आटणार. पण खरं सांगते, मला ऐकायला आवडलं. 1737 मध्ये पहिला बाजीराव थेट दिल्लीवर जाऊन धडकला आणि तालकटोऱ्यापाशी बादशाही फौजेला त्याने झोडपून काढलं. तिथे आता स्टेडियम आहे. 2025 च्या फेब्रुवारीत आपलं साहित्य संमेलन भरलं ते तिथेच. पुढे 1760 मध्ये सदाशिवरावभाऊ दिल्लीत शिरले. फौजेला द्यायला पैसा नाही, घोड्यांना दाणा नाही. तेव्हा लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून त्यांनी तिचे रुपये पाडले. सहा महिन्यांच्या आत पानिपत झालं. आणि त्या पराभवाला दहा वर्षं होतात न होतात तोच, 1771 मध्ये महादजी शिंदे पुन्हा दिल्लीत. परागंदा बादशहाला आणून त्यांनी तख्तावर बसवलं. 1803 मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतली, ती बादशहाच्या नावाने का होईना, शिंद्यांच्याच फौजेकडून.

“म्हणून सांगतो,” गुरुजी म्हणाले, “दिवाण-इ-खासमध्ये गेलात की सगळे खांबांवरची फुलं बघतात. तुम्ही मान वर करा. छत बघा.”

सासूबाई आता ओट्यावर येऊन बसल्या होत्या. “आणि आपल्या पेठचं सांगा की त्यांना.”

तेही गुरुजींनी सांगितलं. 1684 मध्ये संभाजी महाराजांच्या माणसांकडून मोगलांनी पेठचा कोथळीगड घेतला, आणि औरंगजेबाने त्याचं नाव ठेवलं मिफ्ताहुल फतह, विजयाची किल्ली. त्याच किल्लीवाल्या बादशहाला नंतर उभ्या जन्मात दिल्ली दिसली नाही. इकडेच, महाराष्ट्रातच 1707 मध्ये गेला. वैनी पेठला एकदाही चढलेल्या नाहीत, हे त्यांनीच तिथल्या तिथे कबूल करून टाकलं. कातळाच्या पोटात कोरलेला एवढा जिना घरापासून तासाभरावर, आणि चढायला निघालो कुतुबमिनार.

“कुतुबमिनार चढू देत नाहीत,” मी म्हटलं. “आत 379 पायऱ्या आहेत, पण 1981 मध्ये चेंगराचेंगरीत शाळेची पोरं गेली, तेव्हापासून बंद. खालूनच बघायचा.”

“बरं झालं, गुडघे वाचले,” सासूबाई म्हणाल्या.

माझं म्हणणं वैनींना मी स्पष्ट सांगितलं. शेजारच्या गावची मंडळी मागच्या वर्षी एका टूरवाल्याबरोबर जाऊन आली. एका दिवसात अकरा ठिकाणं. राष्ट्रपती भवन बसच्या खिडकीतून, संसद बसच्या खिडकीतून, आणि साड्यांच्या दुकानात मात्र पावणेदोन तास. आल्यावर त्यांना विचारलं काय बघितलं, तर म्हणे ट्रॅफिक. तुम्ही तसं करू नका. बृहन्महाराष्ट्र भवनात खोल्या मिळतात का बघा, पहाडगंजात आहे, स्टेशनापासून जवळ. मेट्रोने फिरा. लाल किल्ल्याला स्टेशन आहे, कुतुबमिनारला आहे. दिवसाला दोनच ठिकाणं धरा, आणि लाल किल्ल्याला अख्खी सकाळ द्या. तिसरं ठिकाण राहिलं तर राहिलं.

“आणि करोलबाग?” वैनींनी हळूच विचारलं.

“ते कुणी सांगायला लागतं होय! तेही सोमवार बघून जा, तिथली बरीच दुकानं बंद असतात.”

मग जेवणाची यादी निघाली. तांदळाच्या भाकऱ्या पहिल्या दिवसापुरत्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, आणि सुकट. सुकटीवरून दोन तट पडले. डब्यातल्या परक्या माणसांनी नाकाला रुमाल लावला तर काय, हा एक पक्ष. त्यांनी लावावा, हा सासूबाईंचा. शेवटी दोन डब्यांत, वर तीन पिशव्यांची गाठ, असं ठरलं.

म्हशीचं कोण बघणार हे तेवढं उरलं होतं. वैनींचे मालक एवढा वेळ गोठ्यात होते, ते एकदम म्हणाले, “मी बघतो. जा तुम्ही निवांत. आठ दिवस काय, दहा दिवस राहा.” वैनींचा गळा भरून आला. मला मात्र शंका आली, कारण पाठोपाठ गटातल्या आणखी चौघींच्या नवऱ्यांनीही घर सांभाळायची हमी घेतल्याचं कळलं. काल खरी बातमी आली. बायकांची गाडी कल्याणहून सुटेल त्या रात्री ह्या पाचजणांची वालाच्या शेंगांची पोपटी ठरलीय. भांबुर्डा कुणी आणायचा, कोंबड्या कुणाच्या, मडकं कुणाचं, सगळं वाटून झालंय. यांच्या कार्यक्रमात वारसुद्धा चुकलेला नाही.