पत्राला मिळालेले गुण
अमेरिकी महाविद्यालयांच्या लेखनवर्गांत मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६३ चे बर्मिंगहॅम तुरुंगातील पत्र अनेकदा नेमले जाते, आणि ॲरिस्टॉटलने सांगितलेली मन वळवण्याची तीन साधने, म्हणजे ईथॉस ही वक्त्याची विश्वासार्हता, पेथॉस हे भावनांना आवाहन आणि लोगॉस हा युक्तिवाद, विद्यार्थ्याने त्यात शोधावीत अशी अपेक्षा असते. विद्यार्थी ती निष्ठेने शोधतो. सहा वर्षांच्या मुलीला करमणूक उद्यानात प्रवेश का नाही हे समजावताना बापाची जीभ अडखळते, त्या मजकुरासमोर तो ‘पेथॉस, परिणामकारक’ असा शेरा मारतो. वंशभेदाविषयी, म्हणजे कातडीच्या रंगावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेविषयी, स्वतःचे मत मात्र शिताफीने टाळतो, कारण गुणांकनाच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नसतो. शेवटी ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ हे वाक्य येतेच. ज्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना हे पत्र उत्तरादाखल लिहिले गेले, त्यांनीही कृष्णवर्णीयांची अधीरता स्वाभाविक मानून त्यांची निदर्शने मात्र अवेळी ठरवली होती. त्यांना निदान या समतोलाबद्दल गुण तरी मिळाले नव्हते.