अस्वल आणि जावई

पुण्यात बसून अस्वलाविषयी बोलायला फारशी अक्कल लागत नाही. मी तर वर्षानुवर्षं तिच्याशिवायच बोलत आलो आहे. माझी सासुरवाडी भंडारा जिल्ह्यात, कोक्याच्या जंगलाला लागून. त्या जंगलाचं अभयारण्य झालं २०१३ साली. अस्वलांची आणि गावाची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. एवढ्या भांडवलावर ऑफिसात मला जंगलातला माणूस समजतात, आणि मीही तो समज कधी खोडून काढलेला नाही.

चैत्रात मोहफुलं पडू लागली की सासूबाई पहाटेच टोपली घेऊन निघतात. मीही निघालो.

"भाऊजी, तुम्ही कायले येता? झोपा ना जी," मेव्हणा म्हणाला. त्याला मी वाटेत अस्वलशास्त्र शिकवलं. अस्वलाला दिसतं कमी, सगळा कारभार नाकावर. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात; त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. माणूस अचानक समोर आला की बिथरून अंगावर येतं. म्हणून जंगलात मोठ्यानं बोलत जावं.

"बोलूनच राहिले तुम्ही," तो म्हणाला.

मोहाखालचा पाला आधीच जाळून जागा साफ केलेली होती. काळ्या राखेवर फिकट, रसाळ फुलं पडलेली. वास असा की उपाशीपोटी डोकं जड व्हावं. मी मूठभर टोपलीत टाकली, एक तोंडात. तेवढ्यात पलीकडच्या वारुळापाशी सूं करून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग फूं. मग पुन्हा सूं.

"अस्वल हाय," मेव्हणा म्हणाला. पाठीवर पिल्लूही होतं.

शास्त्र सांगतं, पळू नये, झाडावर चढू नये. अस्वल माणसापेक्षा बरं चढतं. हळूहळू मागं सरावं. माझ्या पायांनी हे शास्त्र ऐकलेलं नव्हतं. मी मोहावर चढलो. म्हणजे हातभर चढलो आणि त्या जाड खोडाला मिठी मारून तिथंच राहिलो: धड झाडावर नाही, धड जमिनीवर नाही, अस्वलाला अगदी सोयीच्या उंचीवर. मोठ्यानं बोलण्याची खरी वेळ हीच होती. तोंडातून चकार शब्द फुटेना.

मोहाच्या दिवसांत अस्वलानं फाडलेली माणसं सासूबाईंनी पाहिली आहेत. तरीही त्यांनी शांतपणे डबा दगडावर बडवला आणि शेजारची बकरी हाकलावी त्या सुरात ओरडल्या, "हाऽट! जाय तिकडं!" अस्वलानं नाक वर करून हुंगलं. आमच्यात वाळवी नाही याची खात्री पटल्यावर पिल्लाला घेऊन ते निघून गेलं.

"भाऊजी, उतरता का जी?"

उतरायचं कुठून, हेच मला कळेना. पाय जवळजवळ जमिनीलाच टेकले होते.

ऑफिसात अस्वल सहा फुटांवर आलं होतं. "मग तुम्ही काय केलंत?" शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली.

"जागचा हललो नाही," मी म्हणालो.