काकांच्या भाषणाचे तुकडे

आइंडहोवन, नेदरलँड्स

ती. नाना व सौ. आई,

खडकेश्वरच्या गच्चीवरच्या त्या कोजागरीची फाइल मिळाली. भाच्याने कॅसेट झकास उतरवली आहे. फ्लॅक केल्यामुळे आवाजातलं काही गळलेलं नाही. आत्याच्या तानांसोबत खालच्या कुकरची शिट्टीही शाबूत आहे. पण अख्खी मैफल एकाच फाइलमध्ये, आणि तुम्हाला गाडीत नंबर दाबला की यमन हवा. प्लेअर चालतोय तोवर पेनड्राइव्हचं नाव काढायचं नाही, हा तुमचा हुकूम. म्हणून इथल्या क्रिंगलोपातून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, सीडी रायटर आणला.

शांतता शोधून आपोआप तुकडे पाडायची सोय संगणकात असते. पण आत्याचा तंबोरा थांबतो कधी? यमन, नाट्यपद, भैरवी, सगळं त्याला एकच गाणं वाटलं. थोरले काका मात्र प्रास्ताविकात प्रत्येक वाक्याला टाळ्यांसाठी थांबले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी संगणकाने नवा ट्रॅक पाडला. सीडीवर ९९ च्या वर ट्रॅक चालत नाहीत, हे बरं आहे.

मग हाताने खुणा केल्या. नाना, हा हिशेब तुम्हाला आवडेल. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि सेकंदाच्या ७५ फ्रेम. म्हणजे फ्रेमला बरोबर ५८८. क्यू फाइलमध्ये मिनिटं आणि सेकंदांपुढे जो तिसरा आकडा लिहितात, तो या फ्रेमचा, ० ते ७४. तुकडा फ्रेमच्या मधेच तोडला तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते आणि जोडावर ‘टक्’ वाजतं. तंबोऱ्यावर ते भातातल्या खड्यासारखं लागतं. शिवाय डिस्क एका दमात लिहावी लागते. एकेक ट्रॅक सुटा लिहिला तर मधे दोन सेकंद शांतता येते, आणि विलंबित संपून द्रुत सुरू होताना तबलजी गच्चीवरून खाली पडल्यासारखे वाटतात.

यमन कुठे सुरू होतो यावर घरात दोन दिवस अबोला होता. हिचं म्हणणं, तंबोरा लागला तिथे. माझं, पहिल्या आलापाला. चिरंजीव म्हणतात, काकांचं बोलणं थांबतं तिथे. त्याचंच मानलं.

खरी पंचाईत पुढेच. कॅसेट ९० मिनिटांची, सीडी ८० ची. दोन्ही वस्तू फिलिप्सच्या, आणि फिलिप्स याच गावची. १९६३ ची कॅसेट लू ओटन्स यांच्या चमूची, ८ मार्च १९७९ ला सीडी जगाला दाखवली ती इथेच, आणि तिच्यामागेही ओटन्स होतेच. एवढं सगळं घरातल्या घरात असून दहा मिनिटांचा मेळ कुणी घातला नाही! (सोनीही भागीदार होती, पण जवळच्या माणसालाच बोलता येतं.)

काकांचं प्रास्ताविक अकरा मिनिटांचं आहे. तुम्ही लगेच म्हणाल, मग कापून टाक. पण सिडकोहून गुलमंडीला जाताना पुढच्या सीटवर कोण बसतं, ते तुम्हालाच माहीत. म्हणून दोन सीड्या केल्या आहेत. पहिलीवर नुसतं गाणं, अखंड. दुसरीवर नुसते काका, संगणकाने पाडलेल्या तुकड्यांसकट. ती मुद्दाम एकेक ट्रॅक सुटा ठेवून लिहिली आहे. दोन सेकंद टाळ्यांना पुरतील.

आपला,
धाकटा