मानपानाची आज्ञा

नगर जिल्ह्यात (अहिल्यानगर म्हणा, जीभ वळायला वेळ लागतो) विधानसभेचे १२ मतदारसंघ आहेत. शिवाय साखर कारखाने, दूध संघ, बाजार समित्या, पतसंस्था. त्यामुळे साध्या भूमिपूजनाची पत्रिका छापणे हे इथे जोखमीचे काम. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, निमंत्रक आणि तळाशी बारीक टायपात 'विनीत', म्हणजे ज्यांनी मांडव घातला ते. एक नाव ओळभर खाली सरकले की साहेब येत नाहीत, आणि साहेब आले नाहीत की रस्ताही येत नाही.

या तालमीत वाढलेली आमची पोरे पुण्यात जाऊन संगणकापुढे का अडतात, कळत नाही. तिथेही पत्रिकाच आहे.

डेबियन या मुक्त संगणक प्रणालीत सॉफ्टवेअरचे पॅकेज बांधायला 'डीबिल्ड' ही आज्ञा वापरतात. (इअन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केले आणि नावात मैत्रीण डेब्राला आधी, स्वतःला मागे ठेवले. राजशिष्टाचार त्यांना कळत होता.) डीबिल्ड हा नुसता निमंत्रक. राबणारा विनीत म्हणजे 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज', आणि शेवटी येतो तयार पॅकेजमधल्या चुका काढणारा 'लिंटियन'. तिघांच्या सूचना एकाच ओळीत द्यायच्या, पण मानाने: आधी डीबिल्डच्या, मग बिल्डपॅकेजच्या, आणि 'लिंटियन-ऑप्ट्स' असा पुकारा करून लिंटियनच्या.

आता एखाद्याला पॅकेजवर सही नको आणि तपासणीही नको. तो सहीला नकार देणारे 'यूएस', 'यूसी' लिहितो आणि मागे 'नो-लिंटियन' जोडतो. झाले! 'यूएस' हा बिल्डपॅकेजचा माणूस. तो दिसताच डीबिल्ड माइक सोडतो आणि पुढचे सगळे बिल्डपॅकेजच्या गळ्यात. ते 'नो-लिंटियन'ला आपादमस्तक न्याहाळते आणि म्हणते, हे कोण? काम बंद. ओळखीच्या माणसाला मागच्या रांगेत बसलाय म्हणून न ओळखणारे, असे पीए आमच्याकडे फार पुढे जातात.

'टार' या आज्ञेची तऱ्हा निराळीच. फाइलींचा गठ्ठा बांधताना आडव्या रेघेसह 'सीएफझेड' लिहा, तो 'झेड' याच नावाची फाइल करून ठेवतो, कारण 'एफ'च्या मागे फाइलचे नाव यायचे असते. तीच अक्षरे रेघेविना लिहा, बिनतक्रार काम होते.

एकाच अक्षराचा अर्थ दोन आज्ञांत वेगळा असू शकतो, म्हणून क्रम हवा, हा बचाव मला मान्य आहे. पण 'नो-लिंटियन' पूर्ण नाव सांगत आलेला असतो. त्याला दारात अडवणे हा नियम नव्हे, माज आहे.

तोवर पोरांनो, 'नो-लिंटियन' सगळ्यांच्या आधी लिहा, किंवा डीबिल्ड ज्या संचात येतो त्या 'डेवस्क्रिप्ट्स'च्या सेटिंग फाइलमध्ये लिंटियनला कायमचा नकार नोंदवा. पत्रिका मात्र छापण्याआधी दोन्ही गटांना दाखवा. तिथे अशी सेटिंग फाइल नाही.