सुयोग्य स्थळ पाहिजे

सह्याद्रीत शनिवार-रविवारची भटकंती ठरवायला चारचौघांना तीनच गोष्टी लागतात: वाट, पाणी आणि घरच्यांची परवानगी. आम्हा झोळीवाल्यांना चौथी लागते. झाड. तेही एक नव्हे, दोन. आणि ती दोन एकमेकांपासून बारा ते पंधरा फुटांवर.

झोळी म्हणजे हॅमॉक. दोन झाडांच्या मध्ये कापड टांगून त्यात रात्र काढणारी आमची सातजणांची टोळी आहे. तंबूवाल्यांविषयी आमच्या मनात आकस नाही. पाठीला खडे टोचल्याच्या, अंगाखालून पाणी गेल्याच्या त्यांच्या कहाण्या आम्ही सहानुभूतीने ऐकतो आणि मनातून फार सुखावतो. अडचण एवढीच, की तंबूवाला जिथे दमतो तिथे झोपू शकतो. आम्ही दमलो तरी झाड येईपर्यंत चालावं लागतं.

आणि सह्याद्री हा झोळीवाल्यांच्या विरोधात रचलेला डोंगर आहे. माथ्यावर काळा कातळ, कातळावर बोटभर माती, मातीवर गवत आणि गवतावर सोसाट्याचा वारा. झाडं शहाणी असतात. ती उतारावर, घळीत, ओढ्याकाठी राहतात. जिथे झाड उभं असतं तिथे माणूस उभा राहू शकत नाही, आणि जिथे माणूस उभा राहतो तिथे झाड नसतं. किल्ले बांधणाऱ्यांनी तटबंदी, चोरदिंड्या, धान्याची कोठारं, पाण्याची टाकी अशी सगळी सोय केली. माथ्यावर बारा फुटांच्या अंतराने दोन जांभळी लावाव्यात, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारचा बेत ठरवायला आम्ही पुण्यात गाठवाल्या काकांकडे जमलो. काका निवृत्त आहेत आणि त्यांना गाठींचं वेड आहे. ते चहाच्या पुड्याचा दोराही सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक समजावल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांच्याशिवाय भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक, एक डॉक्टरीणबाई, सॅकमधली प्रत्येक वस्तू तराजूवर ठेवणारा ग्रॅमवाला, दोन रेल्वेगाड्या बदलून आलेला डोंबिवलीकर, कालच झोळी विकत घेतलेला एक नवखा आणि मी.

नवख्याने पहिला बार उडवला. “हरिश्चंद्रगड! कोकणकड्याच्या काठावर झोळी, खाली सगळं कोकण!”

“कशाला बांधणार?” काकांनी शांतपणे विचारलं.

नवखा गप्प झाला. कोकणकड्याच्या काठाला बांधण्यासारखी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे दुसरा ट्रेकर. तरी त्याने हार मानली नाही. “गुहेत खांब आहेत ना? केदारेश्वराच्या?”

आहेत. चार होते. कमरेएवढ्या गार पाण्यात भलंमोठं शिवलिंग, भोवती चार खांब, त्यांतले तीन तुटलेले. चार खांब म्हणजे चार युगं, आणि शेवटचा खांब पडला की कलियुग संपणार, असं लोक सांगतात. जुन्या वास्तूला दोरी लावू नये, हे प्राध्यापकांनाही मान्य होतं. पण गणित पुढ्यात आलं की त्यांना राहवत नाही. झोळीचा पट्टा आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूला माणसाच्या वजनाएवढाच ताण येतो. नव्वद किलोचा माणूस, तर नव्वद किलो. पण नवखे लोक झोळी ताठ बांधतात. कोन पाच अंशांवर आला, की तोच माणूस प्रत्येक टोकाला पाचशे किलोंहून जास्त जोराने ओढतो.

“म्हणजे जगबुडी तुझ्या नावावर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“पण मग सोमवारी ऑफिस नाही,” डोंबिवलीकर म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर उत्साह दिसला.

मग एकेक नाव येत आणि पडत गेलं. कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. वर देऊळ आणि वारा. वाटेवरच्या लोखंडी शिड्यांकडे नवख्याने बोट दाखवण्याआधीच सगळे एकदम “नाही” म्हणाले. वासोटा: झाडंच झाडं, बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा, मग घनदाट जंगल. पण ते कोयना अभयारण्य. आत रात्री मुक्काम नाही, संध्याकाळच्या आत परत फिरायचं. हजारो जोड्या डोळ्यांदेखत सोडून यायच्या, हे दुःख झोळीवाल्यालाच कळतं. भीमाशंकरला तर शेकरू राहते. राज्याचा मानाचा प्राणी. ती कुणालाही न विचारता उंच फांद्यांमध्ये काटक्यांचं घरटं बांधून झोपते. तिला अर्ज भरावा लागत नाही. आम्हाला तिथे झोपायचं तर आधी वनखात्याचं दार ठोठावायचं आणि मग बेत विसरून जायचं.

“देवराई बघू या,” मी म्हटलं. देवराईत पिढ्यानपिढ्या कुऱ्हाड लागलेली नसते. मिठीत न मावणारी खोडं, वर गच्च छत. पण तिथली वाळकी काडीसुद्धा लोक घरी नेत नाहीत. देवाच्या झाडाला नायलॉनचा पट्टा आवळून त्यात मोजे घालून लोळणं गावाला आवडणार नाही, आणि देवाला आवडेल की नाही हे पडताळून बघायची कुणाची तयारी नव्हती.

खरं तर झाडांची जोडी जुळवणं म्हणजे पत्रिका बघणं. अंतर हा पहिला गुण. बारा फुटांच्या आत असतील तर झोळीचा झोळणा होऊन बूड जमिनीला टेकतं, आणि पंधराच्या फार पुढे गेली तर पट्टा पुरत नाही. पुरला तर तो इतका वर बांधावा लागतो, की दुसऱ्याच्या खांद्यावर चढावं लागतं. मग खोडाची जाडी. मग खानदान. शेवग्याच्या घराण्याशी सोयरिक नको, तो कधी मोडेल सांगता येत नाही. सावरीच्या खोडाला काटे. पांगाऱ्यालाही काटे, वर लाकूड मऊ. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला की कातडीवर फोड. उंबर स्वभावाने चांगला, पण त्याच्याकडे पाहुण्यांचा राबता फार: फळं, पाखरं, मुंग्या, रात्री वटवाघळं. आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन ही घरंदाज स्थळं. सगळे गुण जुळले, की शेवटी मान वर करून मंगळ बघायचा. वर वाळकी फांदी लटकत असेल किंवा आग्या मोहोळ असेल, तर कितीही मनात भरलं तरी नकार कळवायचा.

शेवटी राजमाचीवर एकमत झालं. एके काळी बोरघाटावर नजर ठेवणारा हा किल्ला. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आणि त्यांच्या पोटाशी उधेवाडी हे गाव. गावात घरगुती जेवण मिळतं. मुख्य म्हणजे गावाभोवती झाडी आहे, आणि एखाद्या घरमालकाला विचारून त्याच्याच परसात टांगून घेता येतं. पुणेकरांनी लोकलने लोणावळ्याला उतरून पंधराएक किलोमीटर जवळपास सपाटीवरून चालायचं. डोंबिवलीकराने कर्जतला उतरून कोंढाणे लेण्यांवरून छातीवरचा चढ चढायचा. हे न्याय्य आहे असं सहाजणांचं मत पडलं.

आता सामान. ग्रॅमवाल्याने वही काढली. त्याची झोळी साडेतीनशे ग्रॅमची. टूथब्रशची दांडी त्याने अर्धी कापलेली, टॉवेलचा रुमाल केलेला. दुसऱ्याने साबणाची आख्खी वडी आणली, तरी याला रात्री झोप लागत नाही. मात्र खाण्याच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. “ते वजनात धरत नाहीत,” तो म्हणाला. चकल्या, लसणाची चटणी आणि काचेच्या बरणीतलं लिंबाचं लोणचं त्याच्या आईने भरून दिलं होतं, आणि आईच्या गोष्टी तराजूवर ठेवायच्या नसतात.

खरं भांडण लागलं ते थंडीवरून. बाहेरच्या माणसाला वाटतं, झोळीत उबदार वाटत असेल. डिसेंबरच्या पहाटे झोळीत पहिली गारठते ती पाठ. स्लीपिंग बॅगमधला कापूस किंवा पिसं आपल्याच वजनाखाली दबून चपटी होतात, त्यातली हवा जाते, ऊब जाते, आणि खालून वारा मोकाट फिरत असतो. उपाय असा, की पांघरूण झोळीच्या आत न घेता बाहेरून, खाली टांगायचं, म्हणजे ते दबत नाही. त्यासाठी पिसांची खास रजई मिळते. वजन अर्धा किलो, किंमत ऐकून माणसाला आपोआप घाम फुटतो. डॉक्टरीणबाईंनी आजीच्या गोधडीला चार कोपऱ्यांत नाड्या शिवून आणल्या होत्या.

“अडीच किलो!” ग्रॅमवाला कळवळला.

“तुझी रजई उसवली तर पिसं उडतात,” बाई म्हणाल्या. “माझी उसवली तर आत अजून एक साडी निघते.”

काकांनी ताडपत्रीचा मुद्दा काढला. डिसेंबरात पाऊस कुठला, असं आम्ही म्हणताच त्यांनी दवावर व्याख्यान दिलं. दव झाडावरून उतरतं, पट्ट्यावरून ओघळत येतं आणि पहाटे चारला नेमकं मानेखाली पोचतं. म्हणून पट्ट्याला एक सुतळीचा तुकडा लोंबता बांधायचा, पाणी त्यावरून खाली गळून जातं. सबंध संध्याकाळीत ही एकच गोष्ट निघाली जिला पैसे पडत नव्हते, त्यामुळे ती कुणी लिहून घेतली नाही.

उरला प्रश्न जागावाटपाचा. सात झोळ्यांना चौदा झाडं लागत नाहीत. प्राध्यापकांनी कागदावर त्रिकोण काढला: तीन झाडं, तीन बाजू, तीन झोळ्या. पण एकाच झाडाला दोघे टांगले, की एकाने कूस बदलली तरी दुसरा हलतो. काकांच्या शेजारचं झाड कुणाला, यावर तर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, कारण काका घोरतात. इंग्रजांच्या आरमारात १५९७ सालापासून खलाशी झोळ्यांत झोपत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला रुंदीला जेमतेम चौदा इंच जागा येई. आमच्या टोळीत प्रत्येकाला काकांपासून चौदा मीटर हवे होते. खलाशांचं कसं जमलं असेल हे कोडं आहे. त्यांना बहुधा बेत ठरवायला बसवत नसत.

शनिवारी दुपारी उधेवाडीत पोचलो. लोणावळ्याहून आलेले आम्ही धापा टाकत होतो. डोंबिवलीकर आधीच येऊन भाकरी-पिठलं खाऊन झाला होता. घरमालकाने परसाकडे हात केला, “बांधा कुठं बी.” आणि मग सहा झाडांच्या भोवती सातजण मोजपट्टी, पट्टे आणि मोबाइलमधलं कोन मोजायचं यंत्र घेऊन संध्याकाळपर्यंत फिरत राहिले. एक जोडी नऊ फुटांवर, एक अठरावर. एक नेमकी तेरावर, पण मध्ये गोठा. प्राध्यापकांचा त्रिकोण जमला, तर त्याच्या एका बाजूतून गावाची पायवाट जात होती. रात्री परतणाऱ्या माणसाला गळ्याच्या उंचीला डॉक्टरीणबाई लागल्या असत्या.

मालकाची आई पायरीवर बसून हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“काय ओ, किती पोरं झोपवायचीत?”

“आजी, आम्हीच झोपणार.”

तिने आम्हाला एकेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ग्रॅमवाल्याची झोळी बोटांनी चाचपली. “केवढ्याची?” त्याने आकडा सांगितला. ती उठली, आतून जुनं लुगडं आणलं, नऊ फुटांवरच्या जोडीला बांधलं आणि नातीला त्यात टाकलं. प्राध्यापकांनी हळूच मोबाइल धरून कोन मोजला. तीस अंश. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, पण आम्ही वाकून बघितलं होतं.

रात्री दहापर्यंत आम्हीही टांगले गेलो. झोळीत सरळ झोपलं की पाठीची कमान होते, म्हणून तिरकं झोपायचं. काका तिरके झोपले आणि तिरकेच घोरू लागले. नवख्याने झोळी ताठ बांधलीच होती. मध्यरात्री “धप्प” असा आवाज आला, पाठोपाठ मालकाच्या कुत्र्याचा. मग बराच वेळ नवखा कुत्र्याला समजावत होता.

सकाळी चहाबरोबर हिशेब झाला. माणशी जेवण, माणशी चहा. झाडांचे पैसे मालकाने घेतले नाहीत. उलट त्यालाच वाईट वाटत होतं.

“आधी कळवलं असतं तर कायतरी केलं असतं,” तो म्हणाला. “तंबूवाल्यांसाठी तिकडं जागा सपाट करून ठेवलीय. तुमच्यासाठी या पावसाळ्यात जांभळाची रोपं लावतो. बारा-बारा फुटांवर, सरळ रांगेत. तुम्ही फक्त पंधरा वर्षांनी या.”

काकांना भरून आलं. एवढ्या मनाने कुणी बोलावल्यावर तारीख तिथल्या तिथे ठरवायला हवी, असं त्यांचं म्हणणं पडलं. ग्रॅमवाल्याने वही उघडली. प्राध्यापकांनी लीप वर्षं धरून डिसेंबरातला दुसरा शनिवार-रविवार काढून दिला. डॉक्टरीणबाईंना चालत होता. मला चालत होता. नवख्याने कंबर चोळत मान डोलावली.

डोंबिवलीकराने तेवढे आढेवेढे घेतले.

“शनिवारी येईन,” तो म्हणाला. “रविवारचं नक्की सांगत नाही. मेगाब्लॉक असतो.”